राजाबाईच्या खुणेची मेंढरं

मटण शिजेपर्यंत कुणी विषय काढायचा नाही, असा हुकूम राजाबाईनं सकाळीच सोडला होता. तिच्या घरात तिचाच हुकूम चालतो, हे सोलापुरात विजापूर रोडवरच्या त्या कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तिचा पाठचा भाऊ धनाजी दर वेळी नव्यानं विसरायचा. मंगळवेढ्याच्या एसटीतून उतरून आला, चप्पल काढली आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधीच म्हणाला, "आक्का, उद्याची सुनावनी न्हाई झाली तर लई बरं हुईल बघ."

"मटान शिजू दे."

"आगं, पर आण्णा येनार हायत त्याच्यापायी."

"आण्णाबी जेवूनच बोलतील. ते कवा उपाशी बोलल्यात?"

आत भाकरी थापता थापता दिपाली, राजाबाईची सून, खुदकन हसली. धनाजी गप्प बसला, पण त्याचं गप्प बसणंही ऐकू येण्यासारखं होतं. सुस्कारे टाकायचा, मांडी बदलायचा, मोबाईल उघडून मिटायचा.

जोतिराम, भावंडांत शेंडेफळ, दाराजवळ भिंतीला टेकून बसला होता. गावाकडून येताना त्यानं हुरडा आणला होता आणि तो निवडायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं होतं. निवडायला फारसं काही नव्हतं, पण हात गुंतलेले असले की कुणी फार विचारत नाही, हे गेल्या वर्षभरात तो शिकला होता. त्याला असा मान खाली घालून बसलेला बघितला की राजाबाईला जुने दिवस आठवायचे. हाच जोत्या पूर्वी घरात शिरायच्या आधी गल्लीच्या तोंडापासून तिला हाका मारत यायचा.

गेल्या साली करमाळ्याच्या वाटेला त्याचा कळप उतरला होता. त्या भागात कुणाची तरी मेंढरं चोरीला गेली होती, म्हणून पोलिसांची जीप आली आणि हवालदारानं कळपाचे कान तपासले. बहुतेक मेंढरांच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं होतं, ती घराण्याची खूण. काहींच्या उजव्या कानाला मात्र खाच होती. ती खूण राजाबाईची. तिच्या लग्नात बिरदेवानं, म्हणजे तिघांच्या बापानं, लेकीला दोन मेंढ्या आंदण दिल्या, त्यांना वेगळी खूण केली आणि 'सासरी कुटं सांभाळशील' म्हणून आपल्याच कळपात राहू दिल्या. त्या दोघींचा विस्तार वाढत गेला. बिरदेव गेला, राजाबाईचा नवरा गेला, ती स्वतः सासू झाली, तरी उजव्या कानाच्या मेंढरांची लोकर तिची आणि कोकरंही तिचीच. भाऊ राखणदार, बहीण मालकीण. ही रीत घरात इतकी मुरलेली, की तिच्याबद्दल कधी कुणी बोलायचंसुद्धा नाही.

हवालदारानं विचारलं, "ही सगळी तुझीच?" जोतिरामनं खरं ते सांगितलं, "डाव्या कानाची माझी. ही उजव्या कानाची न्हाईत माझी."

एवढं पुरलं. बाजाराचा दिवस होता, गावाकडचीही माणसं जनावरं घेऊन आली होती. भरल्या बाजारातून त्याला चोर म्हणून नेलं, दोन रात्री ठाण्यात ठेवलं आणि तळपायांवर मारलं. खरे चोर दुसरीकडंच सापडले, तेव्हा "जा आता" म्हणून सोडून दिलं. कुठं नोंद नाही, कागद नाही. मागं राखणीला कुणी नव्हतं, त्यात कोवळी कोकरं मेली. उजव्या कानाची मेंढरं कुणाची, हे सांगायला पोलिसांनी त्याला उसंतच दिली नसणार, असं राजाबाई इतके दिवस धरून चालली होती.

मार विसरला असता जोतिराम. पण कोळेकर बागाईतदार दर साली ऊस तुटला की आपण होऊन सांगावा धाडायचे, 'जोतिबा, रानात मेंढरं बसवा.' रानाला खत मिळायचं, कळपाला पाला. या साली सांगावा आला नाही. त्यांनीच नाही, कुणीच धाडला नाही. तोंडावर चोर कुणी म्हणालं नाही, नुसतं बोलवायचं थांबले. म्हणून त्यानं मानवी हक्क आयोगाकडं अर्ज केला होता. तो चोर नव्हता, एवढं सरकारच्या माणसानं चारचौघांत म्हणावं, हेच त्याला हवं होतं. आयोग उद्या सोलापुरातच सुनावणीला बसणार होता.

आण्णा बरोबर पानं मांडायच्या वेळेला आले. आण्णा म्हणजे धनाजीच्या बायकोचे मामा. एकदा पंचायत समितीवर निवडून आले होते आणि मनातल्या मनात अजून तिथंच होते. त्यांनी रस्सा वाटीवर वाटी रिचवला, दिपालीच्या शेंगाचटणीचं कौतुक केलं आणि मग घसा साफ केला.

"ठान्याच्या साहेबांनी मोठं मन केलंय. जोतिबाला ठान्यात बोलवतील, चहा पाजतील, खांद्यावर हात ठेवतील. झालं गेलं विसरा म्हनतील. आपन अर्ज मागं घ्यायचा. दोन्हीकडची आब ऱ्हाती."

"चहा ठान्यातच का?" राजाबाईनं विचारलं.

"मंग कुटं?"

"नेला तवा भर बाजारातनं नेला की. चहाबी तितंच पाजा म्हनावं. बाजाराच्याच दिवशी."

जोतिरामच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. राजाबाईला तेवढंच पुष्कळ वाटलं. पण धनाजीला आता धीर धरवेना.

"आक्का, तुला बोलायला काय जातंय? माझी पूनम पोलीस भरतीत बसलीया. ग्राउंड झालं, लेखी झाली, यादीत नाव आलं. आता चारित्र्य पडताळनी ऱ्हायलीया. ती कोन करतंय? पोलीसच की! अन् हिचा चुलता पोलिसांच्याच विरोधात उभा. एका शेऱ्यात पोरीचं वाटुळं हुईल."

राजाबाईचा हात ताटावरच थांबला. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पूनम दोन वर्षं तिच्याच घरी राहून अकॅडमीला जात होती. पहाटे धावून आली की दोन उकडलेली अंडी समोर ठेवायची, पोटऱ्यांना तेल चोळायचं, 'आज किती मिनिटं लागली गं' विचारायचं, हे सगळं राजाबाईनंच केलं होतं. वर्दीचं स्वप्न पोरीचं जेवढं होतं, तेवढंच तिचंही होतं. एका भावाचं नाव आणि दुसऱ्या भावाची लेक, यातलं काय सोडायचं?

"मागं घिऊ, आक्का," जोतिराम हुरड्याकडं बघतच म्हणाला. "पोरीचं व्हऊ दे. माझं काय, चाललंय."

"चाललंय कुटं? समदं तर थांबलंय."

"तरीबी."

राजाबाईनं ताट बाजूला सारलं. मग स्वतःचंच आश्चर्य वाटावं अशा आवाजात म्हणाली, "बरं. घ्या मागं." धनाजीनं डोळे मिटून श्वास सोडला. आण्णांनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

ती भाकरी ताटात पडते न पडते तोच दारात स्कूटी थांबली. पूनम आली होती आणि मागच्या सीटवर पद्मजा वकीलबाई. पूनमच्या अकॅडमीत त्या कायदा शिकवायच्या. तिथंच पूनमनं त्यांना काकांची हकीकत सांगितली होती आणि त्यांनी काम हाती घेतलं होतं. उद्याच्या जबाबाची उजळणी करायला त्या आल्या होत्या. घरातली शांतता बघून त्या उंबऱ्यातच थबकल्या. "काय झालं?"

"अर्ज मागं घ्यायचा ठरलंय," धनाजी म्हणाला. "पडताळनी हुईपतूर तरी..."

"पडताळणी झाली की, आबा," पूनम म्हणाली.

"झाली? कवा?"

"गेल्या आठवड्यात. हवालदार हितंच आले होते. आत्या गिरणीत गेलेली, म्हणून मीच चहा केला."

"अन् काकाचं?" धनाजीचा आवाज चिरकला. "त्याचं काय बोल्ली न्हाईस न्हवं?"

"सांगितलं की. माझ्या काकांनी तुमच्या खात्यातल्या माणसांविरुद्ध आयोगाकडं अर्ज केलाय म्हटलं. त्यांनी विचारलं, तुझ्यावर केस हाय का? न्हाई. वडलांवर? न्हाई. मग म्हणाले, चहात साखर जरा कमीच पडली."

दिपालीला आता हसू आवरेना. तिनं पदर तोंडाला लावला.

"आणि जाताना," पूनम जोतिरामकडं वळून म्हणाली, "काकांचा पाय कसा हाय आता, असं विचारून गेले."

जोतिरामनं पहिल्यांदा मान वर केली.

"तक्रार करणं हा गुन्हा नाही, धनाजीराव," पद्मजाबाई बसता बसता म्हणाल्या. "तिनं लपवलं असतं तर मात्र अडचण झाली असती."

धनाजी आधी लेकीवर भडकला. मला विचारलं न्हाईस, सांगितलं न्हाईस, मोठी शानी झालीस. मग त्याचा राग आण्णांच्या ताटाकडं वळला. आण्णांनी वारा ओळखला. "मग मला हकनाक कशाला बोलावलंत?" म्हणत ते उठले. दिपालीनं बांधून दिलेला डबा मात्र त्यांनी नाकारला नाही. ते गेल्यावर राजाबाईला एकदम हलकं हलकं वाटायला लागलं. तिनं वकीलबाईंना बळंच जेवायला बसवलं. सगळं आता सरळ होणार, असंच तिला वाटत होतं.

जेवणं झाल्यावर पद्मजाबाईंनी जोतिरामला समोर बसवलं. "उद्या पोलिसांचे वकील काय विचारतील, ते मी विचारते. तुम्ही उत्तरं द्यायची. ती मेंढरं कोणाची होती?"

"डाव्या कानाची माझी. उजव्या कानाची न्हाईत माझी."

"हे बघा जोतिराम, कळप तुम्ही राखता, तुमच्या ताब्यात आहे. 'माझी' म्हटलंत तरी चालेल. तुमच्या याच उत्तराला ते कबुली म्हणतायत. परत विचारते. मेंढरं कोणाची?"

"डाव्या कानाची माझी."

"आणि उजव्या?"

"माझी न्हाईत."

पद्मजाबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. राजाबाईला राहवेना. "म्हन की रं माझी! मीच सांगतीया. आजपास्नं दिली तुला, झालं?"

"ती आपल्या बापानं तुला दिल्याली हायत. मला कशी देतीस?"

"आरं, एका शब्दासाठी..."

"न्हाई म्हनायचा तो!" हे धनाजी म्हणाला. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. थोड्या वेळापूर्वी अर्ज मागं घ्या म्हणणारा हाच माणूस आता गुडघ्यावर मूठ आपटत होता. "बहिनीचं ते बहिनीचं. बहिनीची मेंढरं माझी हायत म्हनून ह्यो उद्या साहेबाम्होरं बोलला, तर गावात तोंड कुटं दाखवायचं? त्यापरास चोर म्हनलेलं परवडलं!"

"अहो, पण मग बहिणीची आहेत असं तरी सांगा ना," पद्मजाबाई वैतागल्या. "अर्जातसुद्धा तुम्ही 'नातेवाइकाची' एवढंच लिहायला लावलंत. जोतिराम, त्या दिवशी पोलिसांनी विचारलं असेलच की, तुझी नाहीत तर कोणाची? तुम्ही काय सांगितलं?"

जोतिराम हुरड्याचे दाणे या हातातून त्या हातात करत राहिला.

"सांगा."

"काय न्हाई सांगितलं."

"विचारलंच नाही त्यांनी?"

"इचारलं की. दोन रात्री त्येच तर इचारत व्हते. नाव सांग, नाव सांग."

"मग?" राजाबाईनं विचारलं.

"मंग काय? ठान्यात तुझं नाव घ्यायचं? जीप घिऊन तुझ्या दारात आली आसती ती मानसं. शेजारच्यांनी बघितलं आसतं. दिपाली नवी नवरी व्हती तवा, तिच्या म्हायेरचं हितं आल्यालं व्हतं." जोतिरामनं दाणे ओंजळीत गोळा केले. "मी म्हनलं, मारतील अन् सोडतील."

दिपाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. राजाबाईला वाटलं, उठावं आणि आधी या गाढवाच्या एक ठेवून द्यावी. वर्षभर ती या भावासाठी हळहळत होती आणि वर्षभर हा एवढी गोष्ट पोटात ठेवून तिच्याच घरी हुरडा आणून देत होता. त्यानं तिचं नाव घेतलं असतं तर पहिल्याच रात्री सुटला असता. ती उठली, त्याच्याजवळ गेली, पण हात उगारला गेलाच नाही. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याला उराशी धरून ती मोकळेपणानं रडली. जोतिरामला कुठं बघावं कळेना. तो "आगं, दाने सांडतील, दाने सांडतील," म्हणत राहिला.

डोळे पुसून राजाबाई वकीलबाईंकडं वळली. "मी आलेली चालंल का उद्या?"

"चालेल? अहो, तुम्ही तर सगळ्यात आधी यायला हवं होतं!"

"आक्का कशाला?" धनाजी सवयीनं बोलून गेला आणि लगेच त्यानं जीभ चावली. "न्हाई, म्हंजी, कोर्टकचेरीत बायामानसांचं नाव..."

"एकानं नाव झाकन्यापायी पाय फोडून घेतलं. आता माझं नाव मीच सांगनार," राजाबाई म्हणाली. "तू एक काम कर. आज मुक्काम करू नगंस. मिळंल ती गाडी धर अन् गावाकडं जा."

"जाऊन काय करू?"

"कोळेकरांना घिऊन ये. अन् बाजारात ज्यांनी बघितलं, त्यातली चार मानसं. जीप कर. जेवायला हितंच म्हनावं."

धनाजी उठला आणि चपला शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी शासकीय विश्रामगृहाच्या सभागृहात राजाबाई ठेवणीतलं इरकल नेसून पहिल्या रांगेत बसली होती. आत बसलेल्यांत सगळ्यात ताठ तीच होती आणि सगळ्यात घाबरलेलीही तीच. मागच्या खुर्च्यांवर धनाजीनं आणलेली माणसं बसली होती. कोळेकर बागाईतदारांनी फेटा बांधला होता आणि जोतिरामची नजर ते चुकवत होते. पलीकडं ठाण्याचे साहेब साध्या कपड्यात बसले होते. पूनम त्यांच्याकडं अगदी सरळ बघत होती.

आयोगाचे सदस्य वयस्कर होते, पूर्वी न्यायाधीश होते म्हणे. जोतिराम उभा राहिला. पोलिसांच्या वकिलांनी अगदी पद्मजाबाईंचाच प्रश्न विचारला आणि त्यानंही तेच उत्तर दिलं, "उजव्या कानाची न्हाईत माझी."

वकील समाधानानं सदस्यांकडं वळले. "पाहा सर. आजही ते हेच म्हणतायत."

"ती माझी हायत!" राजाबाईला बोलवायच्या आधीच ती उभी राहिली होती.

सदस्यांनी तिला पुढं बोलावलं. नाव विचारलं. तिनं स्वतःचं, बापाचं आणि नवऱ्याचं नाव खणखणीत सांगितलं.

"तुमच्या मालकीचा काही पुरावा, कागद?" वकिलांनी विचारलं.

"कान हाय की साहेब. उजव्या कानाला खाच आसंल ती माझी. साऱ्या तालुक्यात कुनालाबी इचारा."

मागं बसलेल्यांत हलकं हसू पसरलं.

"मग तुमच्या भावानं त्याच वेळी तुमचं नाव का सांगितलं नाही?"

राजाबाईनं जोतिरामकडं बघितलं. तो खाली मान घालून उभा होता. "तुमाला बहीन हाय का साहेब?"

वकील गडबडले. "प्रश्न मी विचारतोय."

"आसंल तर तुमाला कळंल, त्यानं का न्हाई सांगितलं." मग ती सदस्यांकडं वळली. "साहेब, ह्यो चोर आसता तर 'समदी माझीच' म्हनला आसता. जीप रिकामी गेली आसती. माझी न्हाईत म्हनला म्हनून मार खाल्ला ह्यानं. चोर कवा म्हनतो का हो, ह्ये माझं न्हाई म्हनून?"

सदस्यांनी ठाण्याच्या साहेबांना उभं केलं. उजव्या कानाला खाच असलेली मेंढरं हरवल्याची तक्रार कुणी दिली होती का? नाही, सर. यांना ताब्यात घेतल्याची नोंद? साहेबांनी आपल्या वकिलाकडं बघितलं. नाही, सर.

सदस्यांनी लेखनिकाला हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. भरपाईचं आणि कारवाईचं अंतिम आदेशात येईल, असं ते म्हणाले. आजच्या नोंदीत लिहून घ्या, की अर्जदाराकडील मेंढ्या चोरीच्या नव्हत्या, अर्जदार चोर नव्हते, आणि तरीही त्यांना बेकायदा डांबून मारहाण झाल्याचं दिसतं. पद्मजाबाईंनी राजाबाईचा हात दाबला. झालं, असं त्या पुटपुटल्या.

"साहेब," जोतिराम म्हणाला. संपूर्ण सुनावणीत तो पहिल्यांदाच आपणहून बोलत होता. "त्ये जरा मोठ्यानं वाचता का? मागं आमची मानसं बसल्यात."

सदस्यांनी मागच्या खुर्च्यांकडं एकदा बघितलं. मग ते खुर्चीतून थोडे पुढं सरकले आणि पार मागच्या भिंतीपर्यंत पोचेल अशा आवाजात, एकेक शब्द सुटा करत, त्यांनी सगळं पुन्हा वाचलं. कोळेकर उभे राहिले. त्यांच्या शेजारची माणसंही उभी राहिली, का ते त्यांनाही कळलं नसावं.

"झालं समाधान?" सदस्यांनी विचारलं.

जोतिरामनं हात जोडले. पण तो खाली बसेना.

"एक ऱ्हायलं, साहेब. मेंढरं आक्काची हायत, त्येबी लिवा."